वाद्याची ढाल

खानदेशच्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस ज्या बैलगाड्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेस नेला, त्यांच्या चाकाकडे पाहिलें तर एक साधी गोष्ट ध्यानांत येते. चाक लांकडाचें असतें. तुंब्यांत आरे बसवून तें गोल जुळवितांना सुताराचें सारें कसब पणास लागतें. परंतु वाटेंतल्या दगडधोंड्यांशीं त्या लांकडाची गांठ कधीं पडत नाहीं. दोहोंच्या मध्यें लोखंडाची एक पट्टी असते. तिला धांव म्हणतात. वाटेची सारी झीज धांव सोसते. ती झिजून गेली म्हणजे लोहार दुसरी चढवितो, आणि चाक पूर्ववत्‌ चालूं लागतें.

धुळ्यास हाच न्याय निराळ्या रूपानें पाहावयास मिळतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें १९२६ सालीं धुळ्यास देहावसान झालें, आणि त्यांनीं जमविलेल्या कागदपत्रांचें जतन व्हावें म्हणून पुढच्याच वर्षीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जुन्या पोथ्यांचीं पानें सुटीं असतात. त्या पानांच्या खालींवर लांकडी फळ्या ठेवून तीं रुमालांत बांधावयाचीं, अशी आपल्याकडील परंपरा आहे. हाताचा मळ, फडताळाचा घांस आणि प्रवासाचे धक्के फळ्यांच्या वांट्यास येतात. आंतलीं अक्षरें सुरक्षित राहतात. मोलाची वस्तु टिकावी म्हणून तिच्यापुढें कमी मोलाची वस्तु उभी करावयाची आणि झीज तिच्या अंगावर घ्यावयाची, हें शहाणपण गाडीवानाला होतें आणि पोथी बांधणाऱ्यालाही होतें.

तंतुवाद्यांच्या जगांत या शहाणपणाचें एक चिमुकलें उदाहरण म्हणजे गिटारवरील पिकगार्ड होय. गिटारच्या तारा अनेकदां नखीनें छेडतात. ही नखी सतारियाच्या मिझराबाप्रमाणें बोटांत घातलेली नसते. ती आंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत धरलेली एक कठीण, टोंकदार चकती असते. तार छेडून नखी खालीं उतरते, तेव्हां तिचें टोंक वाद्याच्या दर्शनी फळीला घांसतें. एका गाण्यांत असे शेंकडों घांस बसतात. ते झेलण्यासाठीं तारांच्या खालच्या अंगास जो पातळ, गुळगुळीत तक्ता बसविलेला असतो, त्याचें नांव पिकगार्ड. पाहणाऱ्यास ती केवळ शोभा वाटते. वस्तुतः ती ढाल आहे.

ढाल कोणत्या वाद्यास लागते आणि कोणत्या वाद्यास लागत नाहीं, हें वाजविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें. स्पेन देशांतून आलेली अभिजात पद्धतीची गिटार उघड्या बोटांनीं वाजवितात. म्हणून तिच्यावर पिकगार्ड नसतें. त्याच देशांतील फ्लामेंको शैलींत वादक फळीवर बोटांनीं ठेका धरतो. म्हणून त्या गिटारवर ठेका झेलणारी पातळ पट्टी चिकटवितात. हा भेद मोडला तर काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील गायक विली नेल्सन यांच्या गिटारचें आहे. १९६९ सालापासून त्यांच्या हातीं असलेलें तें वाद्य बोटांनीं वाजविण्याच्या जातीचें, म्हणजे पिकगार्ड नसलेलें. परंतु नेल्सन तें नखीनें वाजवीत आले. वर्षानुवर्षांच्या घांसानें फळीला आरपार भोंक पडलें. तें भोंकच पुढें त्या वाद्याची ओळख झालें, ही गोष्ट निराळी. पण उघड्या लांकडावर नखी काय करूं शकते, याची त्याहून बोलकी साक्ष दुसरी नाहीं.

महाराष्ट्रांतील तंतुवाद्यांचें माहेरघर मिरज. तेथील सतारीवर आणि तंबोऱ्यावर असें पिकगार्ड दिसत नाहीं. तंबोरा बोटांच्या मऊ पेरांनीं छेडतात, आणि सतारीच्या तारा तबलीपासून उंच असतात. तथापि झिजण्यासाठींच असलेला एक भाग याही वाद्यांत आहे. तो म्हणजे घोडी. शिंग, हाड किंवा अशाच कठीण द्रव्याची ही घोडी तबलीवर उभी असते आणि तारा तिच्या सपाट पाठीवरून जातात. कारागीर ती पाठ कानशीनें इतक्या सूक्ष्म उतारानें घांसतो, कीं कांपणारी तार तिला ओझरता स्पर्श करीत राहते. त्यांतून जवारीचा झंकार उमटतो. तारेच्या घर्षणानें घोडीवर बारीक चर पडतात आणि आवाज बसूं लागतो. मग जवारी पुन्हां काढावी लागते. एका गवयाला मोकळी जवारी रुचते, दुसऱ्याला बंद. म्हणून ती ज्याच्या त्याच्या कानास पटेल अशी काढून द्यावी लागते. माणसाच्या मापानें वाद्य बेतण्याची ही कला आपल्याला परकी नाहीं, हें यावरून दिसेल.

मिरजेच्या या कारागिरीचा उगमही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें सतारी घडविण्यास आरंभ करणारे फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यांतील. शिकलगार म्हणजे शस्त्रांस पाणी देणारे आणि धार लावणारे. राज्यें गेलीं, तरवारींना गिऱ्हाईक राहिलें नाहीं, तेव्हां त्या हातांनीं लांकूड आणि भोपळा जवळ केला. त्यांच्या वंशजांची व शिष्यांची परंपरा पुढें चालूं राहिली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या हातांनीं एके काळीं शस्त्रें उजळलीं, त्यांनींच पुढें सुरांची सेवा केली.

पिकगार्डाचा इतिहास मात्र समुद्रापलीकडे सुरू होतो. इटलींतील नेपल्स शहरीं घडणाऱ्या मँडोलिन नांवाच्या वाद्यांत, तारांच्या खालीं, दर्शनी फळींतच कासवाच्या पाठीचा एक तुकडा जडविलेला असे. ससाण्यासारखी चोंच असलेल्या समुद्रकासवाच्या पाठीवरील हीं पिवळीं-तपकिरी कवचें उष्णतेनें वांकवितां येतात आणि घांसून आरशासारखीं चकचकीत करतां येतात. फण्या, चष्म्यांच्या चौकटी, डब्या आणि नख्या या कवचाच्या होत. त्या शोभेची किंमत कासवानें प्राणांनीं दिली. विसाव्या शतकांत त्यांची संख्या फार घटली. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कासवास अभय दिलें, आणि पुढें आंतरराष्ट्रीय करारानेंही त्याच्या कवचाच्या व्यापारास आळा घातला.

कायदा येण्याच्या शंभर वर्षें आधींच रसायनशास्त्रानें कवचाला पर्याय शोधला होता. हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू महाग पडूं लागले, म्हणून अमेरिकेंतील जॉन वेस्ली हायट यानें कृत्रिम द्रव्याचा शोध आरंभिला आणि १८७० सालीं त्याचें पेटंट घेतलें. हेंच सेल्युलॉइड. कापसासारख्या वनस्पतीच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करावयाची आणि जें द्रव्य मिळेल तें कापरांत मळावयाचें, हें त्याचें थोडक्यांत सूत्र. कापूस आणि कापूर! खानदेशांतील शेतकऱ्याच्या खळ्यांतली एक वस्तु आणि त्याच्या देवघरांतली दुसरी. त्यांच्या मिलाफांतून कासवाच्या कवचाचा हुबेहूब भास देणारा तक्ता निघाला. त्यांत रंग मिसळून कवचाचे ठिपके आणता येत, तो कापतां येई, वांकवितां येई आणि कासवाच्या कवचाहून फार स्वस्त पडे. गिटार बनविणाऱ्यांनीं तो उचलला यांत नवल नाहीं.

अमेरिकेंतील गिब्सन या कंपनीनें कमानदार फळीच्या वाद्यांवर पिकगार्ड फळीपासून वर उचलून बसविलें. म्हणजे लांकूड मोकळें राहून गुंजत राही आणि ढाल त्याला न शिवतां वर अधांतरीं उभी असे. सपाट फळीच्या गिटारांसाठीं प्रसिद्ध असलेल्या मार्टिन या १८३३ सालच्या जुन्या घराण्यानें निराळी वाट धरली. १९३० च्या सुमारास त्याच्या गिटारांवर सेल्युलॉइडचें पिकगार्ड आलें, तें उघड्या लांकडालाच चिकटवून. रोगण त्यावरून मागाहून दिलें जाई. काम सुबक दिसे. परंतु त्यांत एक दोष दडला होता, आणि तो उघडकीस येण्यास वर्षें लागलीं.

कापूर उघडा ठेवला म्हणजे उडून जातो, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे; म्हणून तर कापराच्या डबींत मिरीं टाकतात. सेल्युलॉइडमधला कापूरही असाच हळूहळू उडतो. तो उडाला कीं तक्ता आकसतो आणि त्याच्या कडा वर वळूं लागतात. खालीं लांकूड घट्ट चिकटलेलें. तें आकसत नाहीं. या ओढाताणींत पातळ फळी हरते. पिकगार्डाच्या कडेनें लांकडाच्या रेषेवर लांबट चीर पडते. जुन्या गिटारांची दुरुस्ती करणाऱ्यांस ही चीर इतकी परिचित आहे, कीं ‘पिकगार्डची चीर’ असें तिला स्वतंत्र नांव पडलें. जें रक्षणासाठीं लावलें, त्यानेंच भक्षण केलें. पुढें कित्येक दशकांनीं पद्धत बदलली. आधीं रोगण आणि त्यावर पिकगार्ड असा क्रम आला, म्हणजे तक्ता आकसला तरी तो लांकडास ओढीत नाहीं.

या ठिकाणीं पुन्हां गाडीच्या चाकाकडे वळावेंसें वाटतें. धांवही आकसते. किंबहुना तिचें सारें बळ आकसण्यांतच आहे. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षां किंचित्‌ लहान करतो, गोवऱ्यांच्या आगींत लाल होईपर्यंत तापवितो, पसरलेली धांव चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. लोखंड निवून आंवळतें, आरे तुंब्यांत घट्ट बसतात, आणि सारें चाक एकजीव होतें. आकुंचन तेंच; एका ठिकाणीं तें बांधतें, दुसऱ्या ठिकाणीं फोडतें. लोहाराला लोखंडाचा स्वभाव आधीं ठाऊक होता आणि त्यानें तो कामास लावला. सेल्युलॉइडचा स्वभाव मात्र कारागिरांना तक्ता चिकटवून झाल्यावर कळला. नव्या द्रव्याचें मोल त्याच्या तजेल्यावरून ठरवूं नये, त्याला काळाची संगत घडूं द्यावी, हा धडा या एका चिरेंत आहे.

विजेवर चालणारी गिटार १९३० नंतर आली. जॉर्ज बोशॅम्प आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३२ च्या सुमारास बाजारांत आणलेल्या वाद्यांत तारेचें कंपन लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचें वेटोळें यांच्या साह्यानें विजेच्या लहरींत बदलत असे. आवाज लांकडाच्या पोकळींतून न येतां ध्वनिवर्धकांतून येऊं लागला. मग पोकळी हवी कशाला? १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं भरीव फळीची गिटार विक्रीस आणली. तिच्यावरचें पिकगार्ड काळें होतें आणि स्क्रूंनीं आंवळलेलें होतें. चिकटविण्याचा प्रश्न मिटला.

१९५४ सालीं त्यांच्याच कारखान्यांतून निघालेल्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारनें पिकगार्डाचें सारें रूप पालटलें. तिच्यांतील तिन्ही पिकअप, म्हणजे तारांचें कंपन टिपणारीं वेटोळीं, आवाज व स्वर कमीजास्त करणाऱ्या तिन्ही कळा, आणि पिकअप निवडण्याचा खटका, हे सर्व एकाच पांढऱ्या पिकगार्डावर जडविलेले होते. स्क्रू काढून पिकगार्ड उचललें कीं वाद्याचीं सारीं आंतडीं हातांत येत. जोडणी सोपी झाली, दुरुस्ती सोपी झाली. पूर्वीं जी ढाल होती, ती आतां वाद्याचें काळीज वागविणारी परडी बनली. १९५९ पासून हें पिकगार्ड तीन थरांचें झालें, वर पांढरा, मध्यें काळा, खालीं पुन्हां पांढरा. आणि आठ स्क्रूंच्या जागीं अकरा स्क्रू आले. हीं पिकगार्डें बहुधा सेल्युलॉइडच्याच जातीच्या द्रव्याचीं असत. कालांतरानें त्यांच्यावर फिकट हिरवट झांक आली, तीं आकसलीं, आणि स्क्रूंच्या आसपास त्यांना तडे गेले. १९६० नंतरच्या दशकांत हळूहळू पी.व्ही.सी. म्हणजे व्हिनाइल या प्लॅस्टिकनें सेल्युलॉइडची जागा घेतली. १९४८ सालीं आलेल्या लांब वेळ वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिकाही याच कुळांतल्या द्रव्याच्या होत.

महाराष्ट्रांत विजेवर वाजणाऱ्या तारवाद्यांचा प्रसार केवळ गिटारच्या रूपानें झाला नाहीं. जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता यानें १९१२ सालीं टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलें एक तारवाद्य तयार केलें. तेंच हिंदुस्थानांत बुलबुलतरंग झालें, आणि त्याला पिकअप जोडल्यावर वरातींत व मिरवणुकींत गाजणारा ‘बेंजो’ झालें. बेंजो वाजविणारा एका हातानें कळा दाबतो आणि दुसऱ्या हातांतल्या नखीनें एकाच जागीं तासन्‌तास तारा झोडपतो. तेव्हां नखीच्या माऱ्यापासून लांकूड वांचविण्याचा प्रश्न हा केवळ परदेशी वाद्याच्या शौकिनांचा नाहीं. लग्नसराईंत पोट भरणाऱ्या वादकाचाही आहे.

आतां बेतलेल्या पिकगार्डाची गोष्ट. शिंपी अंगरखा बेततो, तसें एका विशिष्ट वाद्याच्या मापानें पिकगार्ड बेतावें लागतें, याचें कारण साधें आहे. एकाच नमुन्याच्या गिटारी अमेरिका, जपान, कोरिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत येथील अनेक कारखान्यांत झाल्या. बाहेरून त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण कोठें मापें इंचांत धरलीं, कोठें मिलिमीटरांत. कोठें स्क्रूचीं भोंकें अकरा, कोठें आठ. कोठें पिकअपची जागा केंसभर सरकलेली. मग बाजारांतून आणलेलें तयार पिकगार्ड भोंकांवर बसत नाहीं. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या वादकापुढें दोनच मार्ग उरतात: वाद्याला नवीं भोंकें पाडावयाचीं, किंवा वाद्याच्या भोंकांस अनुसरून नवें पिकगार्ड बनवावयाचें. पहिल्या मार्गांत ढालीसाठीं अंगास जखम करावी लागते. शहाणा कारागीर दुसरा मार्ग पत्करतो.

या कामास लागणारें द्रव्य खानदेशास अपरिचित नाहीं. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां जळगांव हें पूर्व खानदेशचें मुख्य ठाणें बनलें. कापूस, केळीं आणि सोनें यांच्या व्यापारासाठीं तें नांवाजलेलें होतेंच. १९८० सालीं भवरलाल जैन यांनीं तेथें पी.व्ही.सी. नळांचें उत्पादन सुरू केलें. त्यांतून ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग वाढला. पुढें पी.व्ही.सी.चे तक्तेही होऊं लागले, आणि प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने तर त्या शहराची खूण बनले. नळ शेतासाठीं, चटई अंगणासाठीं, तक्ता घरबांधणीसाठीं. गिटार कोणाच्याच मनांत नव्हती. तरी द्रव्याचें कूळ तेंच. एवढें मात्र पाहावें लागतें, कीं फेंस भरून हलका केलेला तक्ता या कामास चालत नाहीं. नखीनें त्यावर खळगे पडतात आणि स्क्रूची पकड राहत नाहीं. तक्ता भरीव हवा, आणि त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असावी.

काम पुढीलप्रमाणें चालतें. आधीं तारा उतरवून वाद्यावर पारदर्शक कागद पसरावयाचा आणि मानेची खांच, तारांच्या घोडीची कड, पिकअपचे खळगे व जुनीं भोंकें पेन्सिलीनें उतरून घ्यावयाचीं. मानेच्या मध्यापासून घोडीच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ ओढतात. सारीं मापें त्या रेघेपासून मोजलीं म्हणजे पिकअप तारांच्या बरोबर खालीं येतात. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून वाद्यावर ठेवून पाहावयाचा. पुठ्ठा चुकला तर चार आण्यांचें नुकसान. तक्ता चुकला तर सारें काम पाण्यांत. पुठ्ठा नीट बसल्यावर पातळ प्लायवूडचा पक्का साचा करतात, आणि साच्यावरून तक्त्यावर रेघ उठवितात. करवत रेघेच्या बाहेरून चालवावयाची आणि उरलेला भाग कानशीनें रेघेपर्यंत आणावयाचा. आंतल्या खिडक्या कापण्याआधीं त्यांच्या कोंपऱ्यांत बारीक गोल भोंकें पाडतात. कारण टोंकदार कोंपऱ्यापासूनच तडा सुरू होतो. शेवटीं बाहेरची कड तिरकी घांसली, म्हणजे तीन थरांच्या तक्त्यांत पांढऱ्या-काळ्या-पांढऱ्या रेषा लुगड्याच्या कांठाप्रमाणें उमटतात. बेतलेल्या पिकगार्डाचें सौंदर्य या कांठांत आहे, आणि कारागिराचा हात कितपत स्थिर आहे, याची परीक्षाही तेथेंच होते.

स्क्रूच्या भोंकांविषयीं खानदेशांतील कारागिरास विशेष सावध राहावें लागतें. जळगांव-भुसावळकडे हिंवाळ्याच्या पहांटे गारठा पडतो आणि वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पी.व्ही.सी. उष्णतेनें लांकडाहून पुष्कळच अधिक पसरतें. अठ्ठावीस सेंटिमीटर लांबीचें पिकगार्ड तीस अंशांच्या फरकानें सुमारें अर्धा मिलिमीटर वाढतें. भोंक स्क्रूच्या जाडीइतकेंच ठेवलें आणि स्क्रू गच्च आंवळला, तर वाढीस वाव राहत नाहीं. मग तक्ता फुगतो किंवा भोंकापाशीं तडकतो. भोंक केंसभर मोठें ठेवावें आणि स्क्रू बेतानें आंवळावा, एवढ्यानें हा दोष टळतो. चिकटविलेल्या सेल्युलॉइडनें जो धडा महागांत शिकविला, तो येथें अर्ध्या मिलिमीटरांत पाळला जातो. पिकगार्डाच्या पाठीला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख लावून तो विजेच्या मंडलांतील भूतारेस जोडला, म्हणजे घरांतल्या विजेची घरघरही पुष्कळ कमी होते. अशा रीतीनें ही ढाल नखीचा घांस आणि विजेचा गोंगाट हे दोन्ही वार झेलते.

जुनें पिकगार्ड उतरल्यावर त्याचें काय करावें, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो तसा नाहीं. त्याच्यावरचे ओरखडे म्हणजे एका वादकाच्या हाताची नोंद असते. कोठें तो जोरानें छेडी, कोठें करंगळी टेंकवी, कोणता पिकअप त्याच्या आवडीचा होता, हें सारें त्या ओरखड्यांवरून वाचतां येतें. राजवाड्यांनीं जुन्या वाड्यांतले कागद वाण्याच्या पुडीपासून वांचविले ते याच भावनेनें, कीं ज्याचें मोल आज कळत नाहीं त्यांतूनच उद्यां इतिहास उभा राहतो. म्हणून जुनें पिकगार्ड फेंकूं नये. परंतु तें सेल्युलॉइडचें असेल तर वाद्याच्या पेटींत कोंडून ठेवूंही नये. तें कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्लाच्या वाफा सुटतात आणि जवळच्या धातूच्या भागांस गंज चढवितात. शिवाय कापरासारखेंच तेंही चटकन पेट घेतें. कागदांत सैल गुंडाळून, हवेशीर जागीं, विस्तवापासून दूर ठेवावें. आणि ज्या साच्यावरून नवें पिकगार्ड कापलें, तो साचाही जपावा. कारण नवेंही एक दिवस झिजणार आहे, आणि तेव्हां साचा असला म्हणजे पुन्हां मापें घेण्याचा खटाटोप पडत नाहीं.

कासवाच्या पाठीपासून कापूस-कापरापर्यंत आणि तेथून जळगांवच्या परिचयाच्या पी.व्ही.सी.पर्यंत या लहानशा तक्त्याचा प्रवास झाला. प्रत्येक द्रव्यानें आधींच्या द्रव्याची उणीव भरून काढली आणि स्वतःची एक नवी उणीव मागें ठेवली. कवचानें प्राण घेतले, सेल्युलॉइडनें लांकूड चिरलें. प्लॅस्टिकचा दोष असा, कीं तें झिजतें पण मातींत मिसळत नाहीं. याचा हिशेब पुढच्या पिढ्यांना द्यावा लागेल. बेतून घेतलेलें आणि नीट सांभाळलेलें एक पिकगार्ड अनेक वर्षें टिकतें; घाईनें आणलेलीं चार न बसणारीं पिकगार्डें उकिरड्यावर जातात. कारागिराच्या श्रमांचें मोल येथें आहे.

गाडीचें चाक वाटेवर घालण्याआधीं गाडीवान धांवेवर हातोडीनें ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर धांव घट्ट आहे. बद्द आवाज आला तर ती सैल झाली, लोहाराकडे न्यावयास हवी. चाक टिकविण्यासाठीं धांवेकडे लक्ष द्यावें लागतें, हें त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. वाद्य घरांत आणणाऱ्यानेंही तारांइतकेंच त्या तारांखालच्या मुक्या तक्त्याकडे पाहावें. तो स्वतः एकही सूर काढीत नाहीं. परंतु सूर काढणारें लांकूड त्याच्या आडोशानें पुढच्या पिढीच्या हातीं जातें.